गाऱ्हाणे मांडायचे कोणापुढे?

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याने निघाले की बाळे आणि केगाव लागतात. १९९२ च्या हद्दवाढीने हा भाग महानगरपालिकेत आला. त्याच्या पुढे नगराची हद्द संपते. नगराचा प्रपंच मात्र संपत नाही. कोंडी, पाकणी आणि चिंचोळीकाटी या गावांच्या परिसरात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची चिंचोळी वसाहत उभी आहे. मोटारींच्या इंजिनाला लागणाऱ्या कॅमशाफ्टपासून औषधांना लागणाऱ्या रसायनांपर्यंत नाना प्रकारचा माल येथे तयार होतो. सोलापुरातील कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्यानंतर त्या गिरणगावातील पुढच्या पिढीला ज्या मोजक्या ठिकाणी रोजगार मिळाला, त्यांत या वसाहतीची गणना करावी लागेल. तेव्हा ती नसती तर बरे झाले असते, असे म्हणणारा माणूस या भागात सहसा भेटणार नाही.

परंतु वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला काही गाऱ्हाणे असेल, तर ते त्याने कोणापुढे मांडावे? रस्त्यावरचा दिवा बंद असणे, अवजड मालमोटारींनी गावचा रस्ता उखडणे, रात्री उग्र वास सुटणे, विहिरीच्या पाण्याची चव पालटणे, अशा तक्रारींचा धनी कोण? हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. वास्तविक लोकशाहीचा सामान्य माणसाला येणारा प्रत्यय बहुतांशी याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो. विधानसभेत काय चालते, ते तो वर्तमानपत्रात वाचतो. गटार का तुंबले, हे मात्र त्याला कोणाला तरी समक्ष विचारायचे असते.

एका तक्रारीचा प्रवास

समजा, वसाहतीच्या कुंपणालगत एका शेतकऱ्याची विहीर आहे आणि एका उन्हाळ्यात तिच्या पाण्याला वास येऊ लागला. असा शेतकरी प्रथम सरपंचाकडे जाणार. सरपंच भला असेल तर विषय ग्रामसभेपुढे येईल, ठराव होईल, ग्रामपंचायतीच्या शिक्क्यानिशी तो महामंडळाच्या कार्यालयात जाईल. तेथे त्याला सांगितले जाईल की, भूखंड देणे, वसाहतीतील रस्ते बांधणे, पाणीपुरवठा करणे हे आमचे काम. कारखान्यातून काय बाहेर पडते, ते पाहणे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे. हे उत्तर चुकीचे नाही. कायदा तसाच आहे.

मग अर्ज मंडळाच्या सोलापूर कार्यालयात जातो. महाराष्ट्रातील हे मंडळ १९७० साली, म्हणजे जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा होण्यापूर्वी चार वर्षे, स्थापन झाले; त्याच्या अनुभवाला पन्नासाहून अधिक वर्षे झाली आहेत. शेतकरी बाटलीत पाणी भरून नेतो. पण १९७४ च्या कायद्याप्रमाणे सांडपाण्याचा नमुना पुरावा म्हणून ग्राह्य व्हायचा, तर तो मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखान्याच्या चालकाला तेथल्या तेथे सूचना देऊन घ्यावा लागतो, त्याचे दोन भाग करावे लागतात, त्यांवर मोहोर आणि सह्या लागतात. या तरतुदीमागचा हेतू योग्य आहे. कोणीही उठून कोणत्याही कारखान्यावर बालंट आणू नये, हे न्यायाला धरूनच आहे. तिचा व्यवहारातला परिणाम मात्र असा की, शेतकऱ्याच्या हातातली बाटली ही कायद्याच्या दृष्टीने केवळ बाटली राहते. अधिकारी पाहणीस येतो तेव्हा वास असेलच असे नाही, आणि नाल्यातले पाणी तर तोवर कधीच पुढे वाहून गेलेले असते.

त्यातून विहिरीतले पाणी भूगर्भातले; त्यासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणा निराळी. पिकाचे नुकसान झाले म्हणावे तर पंचनामा तहसीलदारांचा, आणि महसूल खात्याच्या भरपाईची घडी बसली आहे ती अवर्षण, अतिवृष्टी, गारपीट यांसाठी. रासायनिक सांडपाणी ही काही नैसर्गिक आपत्ती नव्हे. शिवाय चिंचोळीकाटी मोहोळ तालुक्यात, तर कोंडी आणि पाकणी उत्तर सोलापूर तालुक्यात. एकाच नाल्याच्या काठावरच्या दोन शेजाऱ्यांना दोन तहसील कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले, तर नवल वाटायला नको.

या सर्व प्रवासात कोणीही खोटे बोललेले नाही, कोणी लाच मागितली असेही आपण गृहीत धरलेले नाही. प्रत्येक कार्यालयाने आपापल्या कायद्याला अनुसरून योग्य ते उत्तर दिले आहे. आणि एवढ्यात सहा महिने निघून गेले, तर आणखी एक दार लागते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे पर्यावरणविषयक वाद न्यायचा, तर २०१० च्या कायद्याने त्यासाठी कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. सबळ कारण दाखविल्यास फार तर साठ दिवस अधिक. नुकसानभरपाईच्या मागणीला पाच वर्षे मिळतात, हे खरे. पण त्यासाठी वकील हवा, पुरावा हवा आणि पुण्यातील खंडपीठापर्यंत हेलपाटे घालण्याची ऐपत हवी. पालघर जिल्ह्यातील तारापूर वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाच्या संघटनेने २०१६ मध्ये या न्यायाधिकरणाचे दार ठोठावले; शंभरावर कारखान्यांना भरपाई ठोठावणारा निकाल यायला २०२२ चा जानेवारी उजाडला. तेथे निदान मासेमारी करणारा एक संघटित समाज मागे उभा होता. कोंडीच्या एकट्या शेतकऱ्यामागे कोण उभे राहणार?

१९६२ सालचे दोन निर्णय

हे असे का झाले, याचे उत्तर शोधण्यासाठी महाराष्ट्र राज्याच्या आरंभकाळात जावे लागते. १९६१ साली राज्याच्या विधिमंडळाने दोन महत्त्वाचे कायदे केले. एकाने १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. दुसऱ्याने त्याच वर्षी १ ऑगस्टला औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारची ही दोन्ही कामे मोठी होती. पहिल्याने सत्ता गावाच्या वेशीपर्यंत नेली. दुसऱ्याने मुंबई-ठाण्याबाहेर कारखाने नेण्याची सोय केली, आणि त्यासाठी ठिकठिकाणच्या जमिनी संपादन करून त्या एका राज्यस्तरीय महामंडळाच्या हाती दिल्या. म्हणजे गावाला जे वर्ष अधिकार देऊन गेले, तेच वर्ष गावाच्या शिवारातला सर्वांत महत्त्वाचा तुकडा गावाच्या अधिकारातून वेगळा काढण्याची पद्धतही घालून गेले. ही विसंगती त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नसेल असे नाही. तेव्हा कारखाना येणे हेच एवढे दुर्मीळ होते की, त्याच्या शेजारधर्माचा विचार पुढे कधी तरी करू, अशीच सर्वांची वृत्ती असावी.

तो विचार पुढे झाला नाही. महामंडळ हे आपल्या क्षेत्रापुरते विशेष नियोजन प्राधिकरण आहे; बांधकामाचे नकाशे तेच मंजूर करते. त्याचे अध्यक्षपद उद्योगमंत्र्यांकडे असते आणि संचालक मंडळ शासन नेमते. वसाहतीच्या लगत राहणाऱ्या मतदाराने निवडून दिलेला एकही माणूस केवळ त्या नात्याने तेथे बसत नाही. ग्रामपंचायत राहते ती कर मागण्यापुरती, आणि तो कर कोणी गोळा करायचा आणि किती वाटून घ्यायचा, यावरून महामंडळ, कारखानदार आणि ग्रामपंचायती यांच्यात राज्यभर तंटे झाले आहेत. कारखानदार म्हणतो, रस्ता-पाणी महामंडळ देते, मग पंचायतीला पट्टी कशाची? पंचायत म्हणते, तुमच्या कामगारांची वस्ती आमच्या गावात, तिचा कचरा आम्ही उचलायचा, मग पैसा कोठून आणायचा? दोघांचेही म्हणणे रास्त आहे, आणि रहिवाशाचे गाऱ्हाणे या दोन रास्त म्हणण्यांच्या मधल्या फटीत पडून राहते.

यावर एक उपाय हमखास सुचविला जातो. हा सगळा भाग महानगरपालिकेत घ्या, म्हणजे नगरसेवक मिळेल आणि प्रश्न सुटेल. सोलापूरकरांना या उपायाचे मर्म वेगळे सांगायला नको. १९९२ मध्ये शहराचे क्षेत्र वाढून १७८ चौरस किलोमीटरांच्या वर गेले, आणि तेव्हापासून ‘हद्दवाढ’ हा शब्द या शहरात एका भागाचे नाव न राहता एका तक्रारीचे नाव होऊन बसला आहे. कर शहराचा आणि सोयी खेड्याच्या, ही त्या भागातील रहिवाशांची कैफियत जुनी आहे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या शहराने आणखी गावे पोटात घ्यावीत, हा सल्ला त्या गावांच्या हिताचा कितपत आहे, याचा विचार करावा.

डोंबिवलीचा अनुभव तर याहून बोलका आहे. तेथील औद्योगिक वसाहत महामंडळाच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. तिच्या भोवतालची सत्तावीस गावे १९८३ मध्ये कल्याण महापालिकेत गेली, २००२ मध्ये बाहेर आली, २०१५ मध्ये पुन्हा आत गेली. मार्च २०२० मध्ये त्यांतली अठरा पुन्हा वगळण्याची अधिसूचना निघाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. एवढ्या येरझाऱ्यांत तेथील निवासी विभागातला माणूस, आपल्या दारापुढचा रस्ता महामंडळाचा की महापालिकेचा, हेच विचारीत राहिला. दरम्यान २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी त्या वसाहतीतील दोन कारखान्यांत भीषण स्फोट झाले. दोन्ही वेळा दहाहून अधिक जीव गेले आणि आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. हद्द कोणाची, हा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत राहिला, आणि धोक्याचा कारखाना घरांच्या इतक्या जवळ कसा, हा प्रश्न स्फोटानंतरच्या आठवड्यापुरता.

वसाहतीत कोणी राहत नाही, असा युक्तिवादही अधूनमधून होतो. सोलापूरच्याच अक्कलकोट रस्त्यावरील वसाहतीत १८ मे २०२५ रोजी टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ जण दगावले. ते कारखान्याच्या आवारातच राहत होते. आग पूर्ण विझायला कित्येक तास लागले. ती वसाहत तर महानगरपालिकेच्या हद्दीतली. चिंचोळीच्या आसपासच्या गावांत भाड्याच्या खोल्यांतून राहणारे परप्रांतीय कामगार कोणत्या ग्रामसभेत बसतात? त्यांची नावे येथल्या मतदार यादीत नसतील, तर ग्रामसभेतही त्यांना स्थान नाही. त्यांच्या वतीने बोलणारा कोणी आहे, असे कोणत्याही कागदावर दिसत नाही.

मित्र कोणाचा?

कारखानदारांना असा अनुभव येत नाही का? येतो, त्यांच्याही अडचणी अनेक खात्यांत विखुरलेल्या असतात. वीज एकाकडे, पाणी दुसऱ्याकडे, परवाना तिसऱ्याकडे. शासनाने ही अडचण ओळखली आणि प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली ‘जिल्हा उद्योग मित्र’ समिती नेमली. जिल्हा उद्योग केंद्राचे महाव्यवस्थापक तिचे कामकाज पाहतात, संबंधित खात्यांचे अधिकारी एका टेबलाभोवती बसतात आणि उद्योजकाचे गाऱ्हाणे तेथे विषयपत्रिकेवर येते. ही व्यवस्था उत्तम आहे. तिच्याविषयी आक्षेप घेण्याचे कारण नाही. विचारायचे ते एवढेच की, जे तत्त्व शासनाला उद्योजकाच्या बाबतीत पटले, ते शेजारच्या रहिवाशाच्या बाबतीत का सुचले नाही? त्याच्यासाठी महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन आहे खरा. पण तेथे तो जिल्हाभरातून आलेल्या शेकडो अर्जदारांपैकी एक असतो, आणि त्याचा अर्ज शेरा मारून पुन्हा त्याच खात्याकडे जातो, ज्याच्याविरुद्ध तो आला होता.

याहून गंभीर बाब म्हणजे, कारखाना येण्यापूर्वी बोलण्याची संधीही वसाहतीच्या शेजाऱ्यांना सहसा मिळत नाही. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी देण्यापूर्वी जनसुनावणी घ्यावी, असा नियम १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेने घातला. पण त्याच अधिसूचनेने मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतींतील प्रकल्पांना या सुनावणीतून वगळले. या सवलतीची व्याप्ती ठरविणारी परिपत्रके पुढे मंत्रालयाने वेळोवेळी काढली. तिच्यामागचे तर्कशास्त्र असे की, वसाहत मंजूर झाली तेव्हाच जनतेचे म्हणणे ऐकले गेले असे मानावे. राज्यातील कित्येक वसाहती तर जनसुनावणी हा शब्दच कायद्यात नव्हता तेव्हाच्या आहेत. म्हणजे उघड्या माळावर कारखाना आला तर गावाला बोलावणे येते. वसाहतीत तोच कारखाना आला तर येत नाही.

आणि बोलावणे आले असते, तरी गाव एका सुरात बोलले असते का? येथे रहिवाशांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनीही थोडे प्रामाणिक असावे. या गावांत एकाच घरातला बाप शेती करतो आणि मुलगा वसाहतीत पाळीवर जातो. बापाने अर्ज केला, तर मुलाच्या कंत्राटाचे काय होईल, ही भीती घरात बोलून दाखविली जात नाही, पण अर्जावर सही करताना हात आखडतो तो याच भीतीने. पाण्याचा टँकर, मजुरांचा पुरवठा, भंगाराची उचल यांची कंत्राटे गावातल्याच वजनदार मंडळींकडे जातात, हे कोणत्याही वसाहतीचे सार्वत्रिक चित्र आहे. मग ग्रामसभेतला ठराव कसा होतो आणि कसा विरतो, हे सांगायला नको. तक्रारदाराचे नाव पुढे न येता तक्रारीची दखल घेतली जाईल, अशी जागा असण्याची गरज आहे ती यासाठी.

लोकप्रतिनिधींचा प्रश्न निराळा. सोलापूर महानगरपालिका आणि जिल्हा परिषद या दोन्हींची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. राज्यभर हीच स्थिती होती. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि महापालिकांचे मतदान अखेर जानेवारी २०२६ मध्ये झाले. जवळजवळ चार वर्षे शहराला नगरसेवक नव्हता आणि जिल्हा परिषदेलाही निवडून आलेला सदस्य नव्हता. ज्या सोलापूरच्या नगरपालिकेवर ६ एप्रिल १९३० रोजी, परकी सत्तेच्या नाकावर टिच्चून, तिरंगा फडकला, त्या सोलापुरात हे चार वर्षांचे रितेपण कोणाला फारसे खुपले नाही, हे नमूद करावेसे वाटते. सामान्य नगरसेवकाकडे किंवा सदस्याकडे कायद्याने अधिकार थोडेच असतात. त्याचा उपयोग असतो तो कोणत्या खात्यात कोणाला गाठायचे, हे माहीत असण्यात. २००९ मध्ये महापालिका कायद्यात ‘क्षेत्रसभा’ घालण्यात आली, म्हणजे खेड्यातल्या ग्रामसभेसारखी शहरातल्या मतदारांची सभा. ती बहुतेक नागरिकांनी अजून पाहिलेलीच नाही.

एक तरतूद, तीस वर्षांपूर्वीची

नवा कायदा करा, ही मागणी करून लेख संपविणे सोपे आहे. परंतु भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर जे नियम झाले, त्यांतच या प्रश्नाचे अर्धे उत्तर पडून आहे. रासायनिक अपघातांसंबंधीच्या १९९६ च्या केंद्रीय नियमांनी देशात चार पातळ्यांवर आपत्तिनिवारण गट स्थापावेत, असे सांगितले. त्यांतला शेवटचा ‘स्थानिक गट’ हा प्रत्यक्ष औद्योगिक क्षेत्रासाठी असतो. त्याचे अध्यक्ष प्रांताधिकारी, सदस्य-सचिव कारखाना निरीक्षक. सदस्यांमध्ये कारखान्यांचे प्रतिनिधी, अग्निशमन अधिकारी, पोलीस ठाण्याचा अधिकारी, गटविकास अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर असतात. आणि त्यांच्या जोडीला सरपंच किंवा गावचे पुढारी, सामाजिक कार्यकर्ते, एवढेच नव्हे तर स्थानिक वृत्तपत्राचा संपादकही. या गटाने नियमित बैठका घ्याव्यात, त्यांचा वृत्तांत जिल्हा गटाकडे पाठवावा, आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती द्यावी, अशी त्याची कर्तव्ये नियमांतच लिहिलेली आहेत.

म्हणजे सरपंच आणि कारखानदार, निरीक्षक आणि डॉक्टर यांनी एका टेबलाशी बसायचे, अशी जागा कायद्याने तीस वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे. तिचे कार्यक्षेत्र अपघातापुरते आहे, रोजच्या वासाचे आणि सांडपाण्याचे नाही, हे मान्य. परंतु जो गट वायुगळतीच्या शक्यतेचा विचार करण्यासाठी बसतो, त्याला त्याच बैठकीच्या शेवटी अर्धा तास रहिवाशांच्या लेखी गाऱ्हाण्यांसाठी राखून ठेवण्यास कोणता नियम आड येतो? जिल्हाधिकाऱ्यांच्या एका आदेशाने हे होऊ शकते. प्रदूषण मंडळाचा आणि महामंडळाचा प्रतिनिधी त्या अर्ध्या तासाला हजर असावा, प्रत्येक गाऱ्हाण्याला क्रमांक मिळावा, त्यावर कोणत्या खात्याने कोणत्या तारखेपर्यंत काय करावयाचे ते लिहिले जावे आणि तो कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. उद्योग मित्र समितीत उद्योजकाला याहून फार निराळे काही मिळत नाही.

तत्पूर्वी चिंचोळीकाटी, कोंडी, पाकणी येथील शिक्षकांनी, कारकुनांनी आणि महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांनी एक साधी गोष्ट करण्यासारखी आहे. आपल्या वसाहतीसाठी असा स्थानिक गट कोणत्या तारखेला नेमला, त्यात आपल्या गावच्या वतीने कोणाचे नाव आहे, गेल्या तीन वर्षांत त्याच्या बैठका किती झाल्या आणि त्यांचे वृत्तांत कोठे आहेत, हे चार प्रश्न माहितीच्या अधिकाराखाली प्रांताधिकाऱ्यांच्या आणि कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयात विचारावेत. हा अर्ज ग्रामपंचायतीच्या नावाने न करता नागरिकाने स्वतःच्या नावाने करावयाचा असतो. ज्याच्या घरचे कोणी वसाहतीत कामाला नाही, अशाने तो केल्यास अधिक बरे. त्याला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, आणि उत्तरासाठी कायद्याने तीस दिवसांची मुदत दिलेली आहे.